शोभीचा राग

शोभी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलींचं प्रॅक्टिकल घेत होते. फोन मिलिंदचा होता, तिच्या धाकट्या भावाचा. "ताई, आक्का गेली," एवढंच तो म्हणाला आणि मी त्याच्यावर खेकसले, "काय बी बोलू नको!" मग हळूहळू एकेक कळत गेलं. शोभा कांबळे, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, गेली काही वर्षं मराठवाड्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होती. खोली घेऊन एकटी राहायची. बरेच दिवस तिचं डोकं दुखत होतं. गोळी घ्यायची आणि तासावर जायची, गोळी घ्यायची आणि तासावर जायची... एका सकाळी फळ्यासमोरच कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं. आईला सांगितलं नव्हतं, भावाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं. रविवारी आम्ही फोनवर बोलायचो. शेवटच्या फोनवर तिनं मला तिच्या प्राचार्यांवरून, गॅसच्या भावावरून आणि माझ्या नवऱ्याच्या वाढलेल्या पोटावरून भरपूर ऐकवलं. डोक्याबद्दल एक अक्षर नाही. जवळचं माणूस गेल्यावर रडू येतं म्हणतात. मला आठवडाभर नुसता संताप येत होता.

तो जरा निवतोय तोवर शोकसभा झाली. कोल्हापुरात, आमची कॉलेजच्या वेळची खोली होती त्या राजारामपुरीतच, एका क्लासच्या हॉलमध्ये. आमच्या वेळच्या काही मुलामुलींनी मिळून ठरवलेली. टेबलावर शोभीचा फोटो होता, स्टुडिओत काढलेला, पावडर लावून, मान एका बाजूला कलती करून. तो फोटो पाहिला तेव्हाच माझं टाळकं फिरलं, कारण शोभीची मान आयुष्यात कधी कुणापुढं कलती झाली नव्हती. मग भाषणं सुरू झाली. शांत स्वभावाची, हसतमुख, सोशिक. आमचे एक निवृत्त सर डोळे मिटून म्हणाले, "शोभा कधी कुणावर रागावली नाही. परिस्थितीनं तिला खूप काही सोसायला लावलं, पण तिच्या मनात कटुतेचा लवलेश नव्हता." माणसं माना डोलवत होती. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते. आणि अशात माझी आई उठली. माझ्याबरोबर गावाहून मुद्दाम आली होती. जन्मात कधी माईकसमोर उभी न राहिलेली बाई, पदर सावरत पुढं गेली आणि म्हणाली, "लेकीसारखीच हुती मला. हिच्या बरोबरीनं तिला बी रोज डबा पाठवायचो मी." खाली दोघीतिघींनी रुमाल काढले. सूत्रसंचालन करणारा मुलगा गहिवरून म्हणाला की हीच आपल्या कोल्हापूरची माया. मी उठून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. आत थांबले असते तर आईच्या हातातला माईक काढून घेतला असता, आणि सत्तरीच्या आईशी चारचौघांत भांडणं शोभलं नसतं. म्हणून हे इथं लिहितेय. शोभीएवढी रागीट बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तिच्या रागामुळंच मी शिकले. तिचं सगळं घेतलंत, निदान राग तरी तिचा तिच्याकडं राहू द्या.

मी गगनबावड्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. घर भरलेलं. थोरले चुलते म्हणजे आमचे तात्या, त्यांचा शब्द शेवटचा. माझे वडील त्यांच्यासमोर खाली बघून बोलायचे. बारावीला मला बरे मार्क पडले, मास्तरांनी येऊन गळ घातली, तेव्हा तात्यांनी बी.एस्सी.ला कोल्हापूरला जायची परवानगी दिली, पण एका अटीवर: बाहेरचं काही खायचं नाही, डबा घरचाच. ही काही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या शेकडो पोरांचे डबे रोज सकाळी एस.टी.नं यायचे. घरचं माणूस फाट्यावर डबा ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचं, पोरं स्टँडवर उभी असायची, गाडी लागली की आपापल्या फडक्याची गाठ ओळखून डबा उचलायचा आणि रिकामा डबा परतीच्या गाडीत द्यायचा. आमच्याकडची गाडी रंकाळा स्टँडला लागायची. मी राजारामपुरीतून सिटी बसनं जाऊन डबा आणायची. १९९४ साल. गच्चीवरची पत्र्याची खोली, दोन कॉट, खाली मालकीण. बाकी सगळीकडे दवाखाने, क्लास, दुकानं. कुणी कुणाला हाक मारत नाही. आणि मी, सतरा वर्षांत एक दिवस एकटी न झोपलेली मुलगी.

घरची आठवण हे शब्द फार सौम्य आहेत. मला ती पोटात दुखल्यासारखी यायची. वर्गात सर बोलत असायचे आणि मला म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजल्यासारखी वाटायची. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आई चुलीला जाळ घालते, म्हणून पाचला रडू. सकाळी परड्यात पाणी तापतं, म्हणून सकाळी रडू. जुलै महिना, आमच्याकडं पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही, कान त्या आवाजाला इतके सरावलेले की इथली उघडीप मला सहन होईना. सगळ्यात वाईट म्हणजे डब्याचं फडकं. त्याला आमच्या चुलीच्या धुराचा वास यायचा. भाकरी तशीच राहायची, आणि मी ते फडकं नाकाला लावून बसायची. झोपताना उशाला घ्यायची. हसू नका. ज्यांनी घर सोडलंय त्यांना कळेल.

दुसऱ्या कॉटवर शोभी होती. माझ्यापुढं एक वर्ष. हातकणंगल्याजवळच्या गावची, बौद्ध कुटुंबातली, वडील नव्हते, आई रोजगाराला जाऊन दोघा पोरांना शिकवत होती. काटकुळी, सावळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि आवाज असा की खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला वर बघायचा. तिचं माझ्याशी पहिलं वाक्य होतं, "कशाला रडालीयास गं? कोण मेलंय काय?" मी आणखी जोरात रडले. चारपाच दिवस तिनं सहन केलं. मग एका सकाळी उठून बघते तर माझं फडकं दोरीवर वाळत पडलेलं. रात्रीच तिनं ते सोड्याच्या पाण्यात टाकलं होतं. मी किंचाळले, तिला नाही नाही ते बोलले. ती शांतपणे केस विंचरत होती. "वास गेला बग. आता नुस्तं फडकं झालं. भाकरी बांधायच्या कामाचं." मग कंगवा माझ्याकडं रोखून म्हणाली, "रडण्यापरास हे बरं हाय की. आता आलाय न्हवं राग? त्यो धरून ठेव. रडू आलं की कुणाचा तरी राग धरायचा. कुणी घावलं न्हाय तर माजा धर."

मी धरला. महिनाभर मी शोभीचा मनापासून द्वेष केला. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. श्रावणात पहिली चाचणी झाली. सगळं इंग्रजीतून, माझ्या पेपरात जवळजवळ भोपळा. सरांनी वर्गात उभं करून काही विचारलं, मी घाबरून "म्हाईत न्हाय" म्हणाले आणि शहरातल्या पोरी खुदखुदल्या. मी दप्तर तिथंच टाकलं. गेटवर शोभी भेटली, तिला म्हटलं, "मी निघालो घरी. परत येणार न्हाय. तुज्याच्यानं काय व्हतंय ते कर." आणि रिकामा डबा घेऊन रंकाळा स्टँड गाठला. गाडी लागलेलीच होती. खिडकीशी बसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. गाडी सुटणार तेवढ्यात दारात आरडाओरडा. शोभी चढत होती, घामानं निथळत, अंगावर डाग पडलेला लॅबचा पांढरा कोट तसाच. माझ्याशेजारी आदळली. "उतर खाली." मी म्हटलं, "न्हाय." "उतर म्हणतो न्हवं!" तोवर गाडी हललीसुद्धा. कंडक्टर आला, "पावणं, कुठलं तिकीट?" शोभी फणकारली, "ही जाईल तिथलं द्या. हिला सोडून मी कुठं जाऊ?"

वाटेतलं कळे गाव येईपर्यंत ती भांडत होती. तिचं प्रॅक्टिकल बुडालं, तिला उद्या बोलणी बसणार, आणि कुणासाठी तर एका फडकं हुंगणाऱ्या पोरीसाठी. कळ्याच्या पुढं पाऊस लागला आणि ती अचानक गप्प झाली. खिडकीला नाक लावून बघत बसली. तिच्या गावाकडं असा पाऊस नाही. आम्ही उतरलो तेव्हा दिवस कलला होता, परतीची गाडी सकाळशिवाय नव्हती. माझ्या डोक्यात तोवर शोभीचा विचारच नव्हता. घर दिसलं, मी धावले.

तात्या सोप्यात, म्हणजे आमच्या घराच्या दर्शनी पडवीत बसले होते. मला बघून दचकले, मग मागून येणाऱ्या शोभीकडं पाहिलं. हसून विचारलं, "कुठली म्हणायची पावणी?" "हातकणंगल्याची." "कुणाची?" "कांबळ्याची," शोभी म्हणाली, जशी सगळ्यांना सांगायची तशी, ठणकावून. तात्यांचं हसू कुठं गेलं ते कळलंच नाही. ते माझ्याकडं वळले, "तू आत जा, पाय धू." मी आत गेले. शोभी सोप्यातच राहिली. तिला चहा आला तो कान तुटलेल्या कपातून, गड्यांसाठी बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा त्यातून. जेवायची वेळ झाली तेव्हा आम्ही सगळे आत बसलो आणि तिचं ताट, तेही कोनाड्यातलंच, सोप्यात गेलं. महिनाभर ज्या ताटासाठी मी जीव टाकत होते ते माझ्या पुढ्यात होतं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, आईनं भरलेल्या मिरच्या. मी भाकरी नुसती मोडत बसले. बाहेरून शोभीचा आवाज आला, सगळ्या घराला ऐकू जाईल असा: "काकू, आनि एक भाकरी वाढा की! काळी दिसती पर लई ग्वाड हाय." आईनं भाकरी नेऊन वरून टाकली. शोभी पोटभर जेवली. मग बाहेरच्या मोरीवर तिनं ताट घासलं, आणि ते ओलं ताट हातात घेऊन उठली ती सोपा ओलांडून, माजघर ओलांडून, सरळ आमच्या स्वयंपाकघरात आली. फळीवर आमची ताटं उभी केलेली होती. दोन ताटं बाजूला सारून तिनं आपलं ताट बरोबर मध्ये ठेवलं. "कुठं ठेवायचं कळंना," ती म्हणाली, "म्हणून सगळ्यांच्यात ठेवलं." आईच्या तव्यावर भाकरी जळत होती, तिचा कुणाला वास आला नाही.

सकाळी दाराआडून तात्यांचा आवाज ऐकला. "ही शिकायला गेली का बाटायला? कुणासंगं ऱ्हाती, कुणासंगं जेवती! बास झालं कॉलेज. आजपासनं घरात." म्हणजे मी जे मागायला आले होते तेच मला मिळत होतं. घर, चूल, पाऊस, आई, कायमचं. आणि मला त्या घरात क्षणभर उभं राहवेना. अंगाची लाही लाही झाली. माझ्यासाठी प्रॅक्टिकल बुडवून, तिकीट काढून, भिजत आलेली पोरगी बाहेर कान तुटलेल्या कपातून चहा पितेय, आणि मी इथं राहायचं? आतून आईचा आवाज येत होता, बारीक, पुष्कळ वेळ. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही. मग ती बाहेर आली. हातात दोन डबे. एक माझा नेहमीचा स्टीलचा, दुसरा छोटा जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पोचे आलेला. "ह्यो तुजा, ह्यो तिचा," ती म्हणाली. "जावा. पयली गाडी धरा." डोळे माझ्याकडं नव्हतेच.

गाडीत शोभीनं विचारलं, "आता येती काय घरची आठवण?" मी म्हटलं, "न्हाय." "मग माजं जेवाण काय फुकट गेलं न्हाय म्हणायचं," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. ते हसू शोकसभेतल्या फोटोसारखं नव्हतं. खोलीवर आल्यावर तिनं दोन्ही डबे समोर ठेवले. "कुठला तुजा म्हणाली?" मी स्टीलचा दाखवला. तिनं तो उचलून मांडीवर घेतला, जर्मलचा माझ्याकडं ढकलला. "ह्यो तू खा." त्या दिवसापासून रोज घरून दोन डबे येत राहिले, आणि शोभी त्या खोलीत होती तोवर रोज तिनं स्टीलच्या डब्यातलं खाल्लं आणि मी जर्मलच्या. एक दिवस चुकला नाही. खाताना अधूनमधून म्हणायची, "तुज्या तात्याला सांग, तुमचा डबा मला लई मानवतो." हे ते डबे. ज्यांच्यावर परवा रुमाल ओले झाले.

माझी अभ्यासाची नौका मग हळूहळू पार लागली. इंग्रजी शब्दांचे अर्थ शोभीनं शिव्या घालत पाठ करून घेतले. वर्गातल्या पोरी खुदखुदल्या की मी रडायच्या ऐवजी त्यांच्याकडं वळून बघायला शिकले. पण शोभीला स्वतःला घरची आठवण येते का, हे कोडंच होतं. तिचं गाव किती जवळ, रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासाचं, तरी सुट्टीत जायची नाही. "गेलो की आत्या लगीन काढती," म्हणायची. आमच्या गच्चीवरून मिरजेकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. ती गाडी तिच्या गावावरून जायची. शिट्टी झाली की ती बोलता बोलता थांबायची आणि पुढचं वाक्य जरा जास्तच कडक यायचं. एकदा थंडीत गच्चीवर कपडे काढताना आपणहून म्हणाली, "तुमच्या घराची बी आठवण येती मला." मी चाटच पडले. "काय पाऊस वाजालाता गं पत्र्यावर... आन् त्या चुलीपाशी कसलं ऊबदार. मी ताट ठेवायला आलतो न्हवं, तवा वाटलं, हितंच बसावं." मी म्हटलं, "तुला राग न्हाय आला?" ती माझ्यावर उसळली. "आवडलं न्हसतं तर राग कशाला आला असता? परक्याच्या दारात कुणी हाड म्हटलं तर माणूस म्होरं जातंय. मला आवडलं तुमचं घर, म्हणून तर आलाय."

हे वाक्य त्या सभेत कुणी म्हणायला हवं होतं. तिच्या मनात कटुता नव्हती म्हणणाऱ्या सरांनी म्हणायला हवं होतं. तिच्या मनात पुष्कळ होती, आणि ती तिनं वाया घालवली नाही. पुढं ती एम.एस्सी. झाली, मी झाले. माझं लग्न गावी झालं, तात्या फेटा बांधून मिरवत होते. शोभी आली होती, अक्षता पडताना मागं उभी दिसली. पंगती बसल्यावर शोधली तर नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "गाडी चुकली असती." माझ्या कोल्हापूरच्या घरी ती कितीदा आली त्याला गणती नाही. थेट पातेल्यात चमचा घालून खायची, माझ्या नवऱ्याला कामाला लावायची. पण गावाकडच्या घराचा विषय निघाला की दुसरं काहीतरी काढायची. मग नोकरी मिळाली आणि ती लांब गेली. तिकडं तिला काय काय आठवत असेल, कुठली शिट्टी ऐकून ती थांबत असेल, मला ठाऊक नाही, कारण तिनं सांगितलं नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दुसऱ्याच्या रडण्यावर तुटून पडणारी बाई स्वतःच्या डोकेदुखीवर एकदाही खवळली नाही? एकदा एखाद्या डॉक्टरच्या टेबलावर हात आपटून "माझं डोकं बघा" म्हणाली असती... एकदा मला फोनवर म्हणाली असती, "ये गं, मला बरं वाटत न्हाय." मी पहिल्या गाडीनं गेले असते. तिला शिव्या घालत गेले असते.

दरवर्षी आमच्या कॉलेजात जुलैत नव्या मुली येतात. भुदरगडाच्या, चंदगडाच्या, आजऱ्याच्या. कुणी प्रॅक्टिकलच्या टेबलाखाली वाकून डोळे पुसते, कुणी डबा उघडून तशीच बसते. आता मेसचे डबे झाले, प्रत्येकीच्या आईकडं नाही तर शेजाऱ्याकडं मोबाइल आहे, पण रडू तेच. इतर शिक्षिका त्यांना जवळ घेतात. मला ते जमत नाही. मी म्हणते, कशाला रडालीयास गं. मुली माझ्यावर रागावतात, मागं नावं ठेवतात, आणि बऱ्याचशा टिकतात.

सभेनंतर आईला सोडायला मी गावी गेले. वाटेत एक शब्द बोलले नाही. आता तिथं गॅस आहे, फरशी आहे, सोप्यात तात्यांचा हार घातलेला फोटो आहे. आई चहा करायला लागली आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "तू तिला धाडलेल्या डब्यातलं तिनं एक दिवस खाल्लं न्हाय. मी खायाचो त्यो डबा. सगळ्यांसमोर कशाला सांगत बसलीस?"

आई वळलीसुद्धा नाही. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तिनंच सांगितलं. तुज्या लग्नात."

मी ओट्याशी जाऊन उभी राहिले.

"पंगतीला बस म्हणून मागं गेलतो तिच्या. म्हटलं, बाई, त्या डब्याचं मनात ठिऊ नको. त्या दिवशी तात्यांनी हिचं कॉलेज बंदच केलंतं. मी त्यांस्नी म्हटलं, भावजी, तिचा डबा येगळा ठेवतो, पर पोरीला जाऊ द्या. तवा कुठं व्हय म्हणालं. म्हणून धाडत हुतो येगळा. तर म्हणती कशी, 'काकू, मला त्याच दिवशी कळलंतं. म्हणून तर रोज बदलून खाल्ला.' म्हटलं, मग राग गेला न्हवं आता? तर हसली. 'न्हाय गेला. कशाला जाईल? एकदा आत बसवून वाढा, मग बघू.' आन् गेली."

म्हणजे शोभीला माहीत होतं. माझं शिक्षण कशाच्या बदल्यात सुरू राहिलं ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तिनं मला एवढ्या वर्षांत त्याची झळ लागू दिली नाही. रोज स्टीलचा डबा मांडीवर घ्यायची आणि मला इंग्रजी शब्द विचारायची. मला आईची दयाही आली, खोटं कशाला बोलू. तिच्या हातात त्या दिवशी तेवढंच होतं. पण मग माझी नजर सोप्यातल्या फोटोकडं गेली.

"तात्यांना जाऊन किती वर्षं झाली, आई?"

चहा उतू गेला. आईनं गॅस बंद केला आणि पदरानं ओटा पुसायला लागली, पुसलेलाच परत परत. "बोलवायचं हुतं गं. लई येळा मनात आलं. तुजा फोन यायचा तवा वाटायचं, सांगावं, तिला घिऊन ये म्हणून." मग हात थांबला. "लाज वाटली. आली असती तर तिनं इचारलं असतं, इतकी वर्सं कुठं हुतीस म्हणून. ती सोडणारी न्हवती."

"न्हवतीच," मी म्हटलं. "इचारली असती. वरडली असती. आन् मग हितं मांडी घालून जेवली असती."